‘फाइल्स बाय गूगल’: वेगाचे आश्वासन न देता फोन मोकळा करणारे ॲप

फोन हँग होतो, कॅमेरा उघडायला वेळ लागतो, टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उशिरा उमटतात, अशी तक्रार कोणी केली की मी सर्वप्रथम सेटिंग्जमधील स्टोरेजचे पान उघडायला सांगते. दोन-तीन वर्षे वापरलेला कमी किमतीचा अँड्रॉइड फोन असेल तर तिथली पट्टी बहुतेक वेळा शेवटपर्यंत भरलेली आढळते. अशा फोनवरचा पहिला इलाज म्हणून मी ‘फाइल्स बाय गूगल’ हे ॲप सुचवत आले आहे. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण असा की ते फोनचा वेग वाढवण्याचा दावाच करत नाही. ते फक्त अनावश्यक फायली दाखवते, विचारते आणि काढून टाकते. मंदावलेल्या फोनला बऱ्याचदा नेमकी त्याचीच गरज असते.

भरलेले स्टोरेज आणि मंदावलेला फोन यांचा संबंध अनेकांना पटत नाही, कारण वेग म्हणजे रॅम (चालू ॲप ज्यात राहतात ती तात्पुरती मेमरी) आणि प्रोसेसर अशी समजूत पक्की झालेली असते. परंतु फोनमधील स्टोरेज ही फ्लॅश मेमरी असते आणि तिच्यात लिहिलेल्या जागी थेट नवे लिहिता येत नाही. आधीचे पुसावे लागते. त्यातही गोची अशी की लिहिणे लहान लहान पेजमध्ये होत असले तरी पुसणे मात्र अनेक पेज मिळून बनलेल्या अख्ख्या ब्लॉकचेच होते. मोकळे ब्लॉक मुबलक असले की नवा डेटा तिकडे लिहिला जातो आणि जुन्याची पुसापुस फोन निवांत असताना उरकली जाते. जागा संपत आली की ही सवड उरत नाही. मग एखादा संदेश साठवण्यासाठीसुद्धा एका ब्लॉकमधील कामाचा डेटा दुसरीकडे हलवणे, तो ब्लॉक पुसणे आणि नंतर लिहिणे असा सगळा खटाटोप तुमच्या डोळ्यांदेखत, तुम्ही बोट टेकवून वाट पाहत असताना चालतो. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी प्रकारचे स्टोरेज असते, ज्यात वाचणे आणि लिहिणे एकाच वेळी होत नाही. महाग फोनमधील यूएफएस प्रकारात ते होते. त्यामुळे स्टोरेज भरल्याचा फटका ज्याने कमी पैसे मोजले आहेत त्यालाच जास्त बसतो. म्हणून एकूण जागेचा दहावा हिस्सा तरी कायम मोकळा असावा, असे माझे स्वतःपुरते धोरण आहे.

या ॲपचा आपल्याशी असलेला संबंध केवळ वापरापुरता नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील ‘गूगल फॉर इंडिया’ कार्यक्रमात ते ‘फाइल्स गो’ या नावाने जाहीर झाले आणि २०१८ च्या अखेरीस त्याला सध्याचे नाव मिळाले. जानेवारी २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिलेल्या वृत्तानुसार, भारतातील इतके फोन का अडतात याचा शोध घेणाऱ्या गूगलच्या संशोधकांना त्याचे एक मोठे कारण सापडले ते ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांत. सूर्योदय, फुले, देवाची तसबीर आणि त्यावर सुविचार, अशी चित्रे रोज सकाळी इतक्या संख्येने पाठवली जात होती की फोन त्यांनीच भरत होते. त्याच वृत्तात वेस्टर्न डिजिटल या स्टोरेज बनवणाऱ्या कंपनीच्या पाहणीचा दाखला होता: भारतात दर ३ स्मार्टफोनधारकांपैकी एकाची जागा रोज संपते, तर अमेरिकेत हे प्रमाण १० मध्ये एक आहे. ही चित्रे ओळखून वेगळी काढण्याची सोय या ॲपमध्ये त्याच काळात आली. आपल्याकडची अडचण नीट पाहून तिच्यासाठी साधन तयार झाल्याचे उदाहरण विरळाच, आणि म्हणून मला या ॲपविषयी आदर आहे.

प्रत्यक्ष वापर कसा असतो ते मावशीच्या फोनवरून सांगते. ३२ जीबीचा फोन, त्यातली मोठी जागा मुळात अँड्रॉइडनेच व्यापलेली. ॲपमधील ‘क्लीन’ विभाग उघडल्यावर काही वेळात एकाखाली एक कार्डे दिसू लागतात: जंक फायली, दुबार फायली, मोठ्या फायली, जुने स्क्रीनशॉट, न वापरलेली ॲप. दुबार फायलींच्या कार्डावर बोट टेकवले तेव्हा सर्वांत वर शेताच्या सातबाऱ्याची पीडीएफ होती, आणि तिच्या शेजारी नावापुढे कंसात १, २ असे आकडे लागलेल्या तिच्याच प्रती. मावशीला उतरवलेली फाइल कुठे जाते ते ठाऊक नसल्यामुळे गरज पडेल तेव्हा ती नव्याने उतरवत असे. वीजबिलांचीही तीच गत. ॲप अशा प्रत्येक गटातील एका प्रतीला मूळ मानून तिला हात लावत नाही आणि उरलेल्या निवडून देते, त्यामुळे घाबरण्यासारखे काही राहत नाही. चित्रांच्या यादीत मात्र माणसाचीच गरज लागते. मावशी शेजारी बसून म्हणाली, ‘तो विठोबाचा राहू दे गं, बाकीचे काढ,’ आणि यादीतली प्रत्येक वस्तू काढण्यापूर्वी मोठी करून पाहता येते हे या ॲपचे वैशिष्ट्य किती मोलाचे आहे ते मला तेव्हा जाणवले. सगळे एका बटणात साफ करणारी साधने विठोबालाही सोडत नाहीत.

काढलेल्या फायली ट्रॅशमध्ये जातात आणि तिथे ३० दिवस राहतात. ही सोय चांगली असली तरी तिच्यामुळे एक गैरसमज हमखास होतो. ट्रॅशमधील फायली स्टोरेजमध्येच असतात, म्हणून भरपूर काढूनही जागा वाढत नाही असे वाटून लोक ॲपला दोष देतात. फोन अगदीच अडला असेल तर ट्रॅश एकदा डोळ्यांखालून घालून लगेच रिकामा करावा. फोटोंच्या बाबतीत आधी बॅकअप झाला आहे का ते पाहावे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर चढणारे फोटो खात्याच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजले जातात, तेव्हा ती जागा भरून बॅकअप मध्येच थांबलेला असण्याची शक्यता नेहमी असते.

आता उणिवा. दुबार फायली म्हणून हे ॲप केवळ हुबेहूब सारख्या फायली पकडते. कॅमेऱ्याने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याची आकाराने लहान केलेली प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये साठते. डोळ्यांना ती सारखीच दिसते, पण ॲपच्या लेखी ती वेगळी फाइल असते, आणि लग्नकार्यानंतर अशा प्रतींचा ढीग दुबार फायलींच्या कार्डावर न येता पडून राहतो. दुसरे म्हणजे व्हॉट्सॲप आपल्या संभाषणांचा स्थानिक बॅकअप रोज बनवते आणि गेल्या ७ दिवसांपर्यंतच्या फायली ‘डेटाबेसेस’ फोल्डरमध्ये ठेवते. बोलघेवडे गट असतील तर हा आकडा सहज जीबीत जातो, आणि त्याची माहिती सामान्य वापरकर्त्याला कोणी देत नाही. तिथे सगळ्यांत अलीकडची फाइल सोडून जुन्या काढता येतात, पण त्यासाठी फोल्डर स्वतः शोधावे लागते. तिसरी मर्यादा अँड्रॉइडचीच आहे: अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एका ॲपला दुसऱ्या ॲपची कॅश, म्हणजे पुन्हा पटकन उघडता यावे म्हणून त्याने साठवलेला तात्पुरता डेटा, परस्पर पुसता येत नाही. ती सेटिंग्जमध्ये जाऊन, त्या त्या ॲपच्या पानावरून पुसावी लागते, आणि तिथे ‘क्लिअर कॅश’च्या शेजारीच ‘क्लिअर डेटा’ असते. दुसरे बटण दाबले गेले तर ॲप कोरे होते, बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करत बसावे लागते. शिवाय कॅश रोज पुसण्यात अर्थ नाही, कारण ॲप ती पुन्हा गोळा करते आणि तेवढा वेळ उलट संथ चालते. जे ॲप फार फुगले आहे त्याचीच पुसावी.

हे ॲप रॅम साफ करण्याचे बटण देत नाही, आणि मी ती उणीव मानत नाही. गोल चक्र फिरते, रॉकेट उडते आणि ‘इतकी मेमरी मोकळी झाली’ असा आकडा झळकतो, अशी बूस्टर ॲप आपल्याकडे वर्षानुवर्षे घरोघरी होती. अँड्रॉइड वापरून झालेली ॲप मुद्दाम रॅममध्ये ठेवते, जेणेकरून पुन्हा उघडताना ती झटकन यावीत, आणि जागा कमी पडली की कोणते काढायचे ते स्वतःच ठरवते. बूस्टर ती सगळी एकदम बंद करते. मग त्यांतली बरीचशी पार्श्वभूमीवर पुन्हा सुरू होतात, त्यात प्रोसेसर राबतो आणि बॅटरी खर्च होते. रिकामी रॅम म्हणजे वेगवान फोन हे समीकरणच चुकीचे आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत ‘क्लीन मास्टर’ आणि ‘डीयू क्लीनर’ होती, तसेच अनेकांचे आवडते ‘ईएस फाइल एक्सप्लोरर’ही होते. बंदीचे कारण सुरक्षिततेचे होते, वेगाचे नव्हते. तरीही अशा ॲपना फोनवरच्या प्रत्येक फायलीपर्यंत पोहोचण्याची मुभा आपण किती सहज देत होतो याचा विचार त्या निमित्ताने व्हायला हवा होता. त्याच यादीतल्या ‘शेअरइट’ आणि ‘झेंडर’चे काम, म्हणजे जवळच्या फोनवर इंटरनेटशिवाय फाइल पाठवणे, ‘फाइल्स’मधून क्विक शेअरने होते आणि चांगले होते.

साफसफाई टिकायची असेल तर अडगळ येण्याची वाटही बंद करायला हवी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवण्याची सोय बंद करावी, आणि तिथल्याच ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये अनेकदा फॉरवर्ड झालेले तसेच ५ एमबीपेक्षा मोठे साहित्य वेगळे पाहता येते. या एका कामासाठी ते पान ‘फाइल्स’पेक्षाही सरस आहे, कारण कोणता गट किती जागा खातो ते तिथे नावानिशी कळते. क्वचित लागणारी ॲप काढून टाकण्यापेक्षा प्ले स्टोअरमधून आर्काइव्ह करावीत. गूगलच्या म्हणण्यानुसार त्याने ॲपची सुमारे ६० टक्के जागा सुटते आणि तुमची माहिती मात्र जागेवर राहते. रेल्वेचे, विमा कंपनीचे, वर्षातून एकदा लागणारे कोणतेही ॲप या यादीत घालता येईल.

पडद्यावरच्या हालचालींचा वेळ कमी करण्याची युक्तीही मी वापरते. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा बोट टेकवले की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात, आणि तिथली ॲनिमेशनची तीन मापे १ वरून ०.५ वर आणता येतात. प्रोसेसरचे काम त्यामुळे वेगाने होत नाही, परंतु पाने उघडण्या-मिटण्यात जाणारा वेळ निम्मा होतो आणि जुना फोन हाताला हलका लागतो. त्या विभागातल्या बाकीच्या कळांना मात्र हात लावू नये.

एवढे सगळे करूनही फोन तसाच राहिला तर ‘फाइल्स’कडून अधिक अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. २ जीबी रॅमच्या फोनवर आजची वजनदार ॲप एकामागून एक उघडली की आधीची बंद होणारच, आणि वर्षानुवर्षे वापरून थकलेले ईएमएमसी रिकामे करूनही पहिल्यासारखे चालत नाही. तिथे फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळे पुसून फोन मूळ स्थितीत आणणे, हा शेवटचा उपाय उरतो. मोबाइलच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच केले जाते आणि त्याचे पैसे घेतले जातात. घरी ते फुकट होते. रीसेटपूर्वी व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यावर चढवावा, फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. त्याचबरोबर फोनमधील गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो का याची खातरजमा करावी, कारण बाजूची बटणे दाबून रीसेट केलेला फोन पुन्हा सुरू होताना तेच जुने खाते मागतो आणि ते दिल्याशिवाय पुढे सरकत नाही.