हाँगकाँगमधील कँटोनीज वर्गाचा अनुभव
मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण बोली, बऱ्यापैकी येत असूनही हाँगकाँगच्या बाजारात भाजीवालीचे एकही वाक्य कळेना, म्हणून मी तिथल्या एका खासगी संस्थेत कँटोनीजचा, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनीचा, वर्ग लावला. मँडरिनच्या चार सुरांची (शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या उच्चारातील चढउतारांची) सवय झालेल्या कानांना इथले सहा सूर ऐकवत राहणाऱ्या शिक्षिकेची चिकाटी वाखाणण्यासारखी होती. आभार मानायला मँडरिनमध्ये ‘शिए-शिए’वर सगळीकडे भागते, पण इथे चहा ओतणाऱ्याला ‘म्गोय’ आणि भेट देणाऱ्याला ‘दोजे’ म्हणायचे, हे तिने माझ्यापुढे कप सरकवूनच शिकवले. पाठ्यपुस्तकाने मात्र निराशा केली: बोलताना ‘तो’साठी लोक ‘खॉय’ म्हणतात, तर संवादांत प्रमाण लेखी चिनीतला ‘था’ छापलेला आहे, जो वाचायला ठीक, पण बाजारात हसे करणारा. शुल्क जड वाटले. तरी भाजीवाली आता माझ्याशी मँडरिन बोलत नाही.