फिस्टुला की मानेतली नळी?

खानापूर, निपाणीकडून बेळगावला डायलिसिससाठी येणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो: रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनपर्यंत ते नेण्या-आणण्याची वाट कुठली ठेवायची? माझं मत सरळ आहे: हातात वेळ असेल तर फिस्टुलाच करून घ्या.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर छोट्या शस्त्रक्रियेनं जोडणं. १९६६ पासून माहीत असलेली पद्धत. शीर फुगून जाड व्हायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर आधीच सुचवतात तेव्हा "बघू नंतर" म्हणू नका. नीट जमला तर तो बरीच वर्षं चालतो. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा; आत थरथर जाणवली पाहिजे. थांबली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, भाताचं पोतंही उचलू नका.

मानेतल्या मोठ्या शिरेत घालतात त्या नळीचा (कॅथेटरचा) फायदा मोठा: आज बसवली की आजच डायलिसिस. दम लागलेल्या, पोटॅशियम वाढलेल्या माणसाला तीच वाचवते. पण तिचं एक टोक बाहेर, दुसरं हृदयापाशी. जंतू शिरले तर थेट रक्तात. खानापूरच्या पावसात, रोपलावणीच्या दिवसांत नळीवरची पट्टी कोरडी राहणार कशी? थंडी वाजून ताप आला तर सिस्टरना लगेच सांगा.

शिरा फारच बारीक किंवा हृदय कमजोर असेल, तर मात्र नळीच बरी ठरू शकते. ते डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) पाहून डॉक्टर ठरवतील. तोवर, फिस्टुला ज्यात करायचा त्या कमी वापरातल्या हाताला सलाईन लावू देऊ नका.