नायक्रोम सांगून गळ्यात मारलेली पट्टी

डिचोली, म्हापसा, फोंडा भागात काजूगर, मसाले, खाजें पॅक करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सीलिंग मशीनची, म्हणजे विजेने तापून पिशवीचं तोंड चिकटवणारी पट्टी 'नायक्रोम' (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) म्हणून स्वस्तात विकणारा एक फिरता विक्रेता आहे. नमुन्याचा तुकडा तो अस्सल देतो. आमच्या मशीनवर तो उत्तम चालला, म्हणून रोल घेतला. रोल निघाला वेगळ्याच धातूचा.

पटकन कळलं नाही, कारण पट्टी तापत होती. सीलची रेघ उमटायची, हाताने ओढून पिशवी उघडायची नाही. पण दुकानात पोचेपर्यंत व्हॅक्यूम गेलेला, पिशव्या सैल. ऐन पावसात काजूगर सादळायला कितीसा वेळ लागतो! माल परत आला. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं : "पावसात व्होल्टेज पडतं, टायमर वाढवा." वाढवला, तर सील कधी कच्चं, कधी जळकं, आणि टेफ्लॉनचं कापड करपलं. मग म्हणाला, पिशवीच जाड आहे. (पिशव्याही तोच विकतो.)

शेवटी मोटर रिवाइंडिंगवाल्या ओळखीच्या दादाने जुन्या स्पीकरचं चुंबक पट्टीला लावलं. टपकन चिकटलं! 80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियमच्या नायक्रोमला चुंबक धरत नाही. ही होती लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची पट्टी. ती भट्टीत उत्तम चालते, पण त्याच मापात तिचा रोध (विजेला होणारा अडथळा) नायक्रोमपेक्षा पाव ते तृतीयांश जास्त. आमच्यासारख्या इम्पल्स सीलरच्या (क्षणभरच पट्टी तापवणाऱ्या मशीनच्या) ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज ठरलेलं असतं. रोध वाढला की करंट घटतो, उष्णताही.

चुंबक चिकटलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. स्टेनलेसची पट्टीही नायक्रोम म्हणून खपू शकते. तिचा रोध उलट कमी, त्यामुळे ती जास्त तापून पिशवीच कापते. रोध मोजायला मल्टिमीटर लावा. 3 मिमी रुंद, 0.1 मिमी जाड, 30 सेंमी लांब नायक्रोम पट्टी साधारण 1.1 ओहम दाखवते, स्टेनलेस 0.7 च्या आसपास. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा आधी वजा करा, नाहीतर एवढ्या छोट्या रोधात सगळा हिशेब चुकतो. आणि तुकडा नमुन्याचा नको, रोलमधूनच कापून घ्या.

पैसे मागितले तेव्हा त्याने बिलच पुढे केलं : 'सीलिंग पट्टी, 1 रोल'. धातूचं नावच नाही. आता मी बिलावर 'नायक्रोम 80/20', रुंदी आणि जाडी लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही. हा माणूस चवथीच्या आधी, सगळ्यांची पॅकिंगची घाई असते तेव्हाच जास्त फिरतो.