पुरण उरलंय? गॅसवरचा टोस्टर काढा

होळी झाली की आमच्या फ्रिजमध्ये पुरणाचा एक डबा असतोच. "कमी पडायला नको गं," म्हणत सासूबाई दरवर्षी किलोभर डाळीचं पुरण घालतात आणि धुळवडीनंतर पुन्हा कणीक तिंबून पोळ्या लाटायची उमेद कुणालाच नसते. त्या डब्यासाठी मी जे घेतलंय ते कुठलं नवं यंत्र नाही. गॅसवर धरायचा साधा चौकोनी सँडविच टोस्टर आहे. ॲल्युमिनियमचा, लांब दांड्यांचा, टोकाला कडी. भांड्यांच्या दुकानात ३०० रुपयांच्या आत मिळाला. ब्रँड खोक्यावर होता आणि खोकं रद्दीत गेलं, त्यामुळे नाव विचारू नका.

पुरण फ्रिजमधून काढल्या काढल्या घट्टच वापरायचं. गरम करून घातलं तर सैल होतं आणि कडेनं बाहेर येतं. ब्रेड आदल्या दिवशीचा बरा, ताजा फार लुसलुशीत असतो, दाबला की चिकटतो. स्लाइसला बाहेरून तूप, आत बोटभर जाडीचं पुरण, आणि वरून जायफळ पुन्हा एकदा किसायचं, कारण फ्रिजमध्ये त्याचा वास दबतो. कडी लावली की बाहेर आलेल्या कडा सुरीनं कापून टाकायच्या. मग मंद आचेवर एक बाजू, उलटून दुसरी. तूप चुरचुरायला लागतं, वेलदोड्याचा वास हॉलपर्यंत जातो. एखाद्या कोपऱ्यातून पुरण निसटतंच. तिथला गूळ तापून चिक्कीसारखा कडक होतो आणि घरात खरी भांडणं त्या कोपऱ्यावरून होतात.

हा टोस्ट कटाच्या आमटीत बुडवून खायचा. आदल्या दिवशीची आमटी मुरलेली असते, चिंच आणि गोडा मसाला नीट उतरलेला असतो. वर तुपाची धार. डाएटवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. "ब्रेडमध्ये पुरण? काय काय बघायला लागणार आहे," असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी पहिला अर्धा खाल्ला आणि "त्या टोस्टरमध्ये अजून एक लाव गं," एवढंच म्हणाल्या.

दिवाळीनंतरही तो उपयोगी पडतो. डब्यांच्या तळाशी शेव, चकलीचे तुकडे, चिवड्यातले दाणे आणि डाळं असा सगळा चुरा साठतो. उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, चीज, आणि त्यावर हा चुरा. बटाट्यात कालवू नका, वरून पसरा, म्हणजे कुरकुरीत राहतो. गणपतीतल्या मोदकांचं सारण मात्र जपून. ओल्या खोबऱ्याला पाणी सुटतं, गूळ पातळ होतो आणि बिजागरीत जाऊन जळतो. सारण कढईत जरा कोरडं करून घेतलं तरच जमतं.

आता तक्रारी. दांड्याची प्लॅस्टिकची मूठ आचेच्या बाजूला तापते, फडकं हाताशी लागतंच. कडी थोड्या दिवसांत सैल झाली, ती पक्कडीनं वाकवून घेतली. इंडक्शनवाल्यांना याचा काही उपयोग नाही. साफ करायला गरम पाण्यात भिजत ठेवावा लागतो, एरवी जळका गूळ निघत नाही. नॉनस्टिकवाला आणखी थोड्या पैशांत मिळतो, पण आपण कडा सुरीनं कापतो आणि गूळ खरवडतो, त्याच्यावर चरे पडणारच.

विजेवरचा टोस्टरही घरी आहे. भाजतो एकसारखा, हात मोकळे राहतात, रोजच्या काकडी-टोमॅटोला तोच बरा. पण जाड सारण घातलं की झाकण नीट बसत नाही आणि आच आपल्या हातात नसते. गूळ करपायला लागला की गॅसवरचा टोस्टर नुसता वर उचलायचा, काम झालं.

घेताना एकच बघा. दुकानातच कडी लावून तो उजेडाकडे धरा. कडेच्या फटीतून उजेड दिसला तर दुसरा मागा, नाहीतर तुमचं अर्धं पुरण बर्नरवर जाईल. आणि वजनाला जड असलेलाच उचला, पातळ पत्र्याचा मधेच करपतो आणि कडेला पांढरा राहतो.