बोटीला मरीन कार्बोरेटरच का: आठ महिन्यांनंतर

आमचं गॅरेज बेळगावात, आणि मेव्हण्याची जुनी पेट्रोल बोट, मर्क्रुझरचं ३ लिटरचं इंजिन, गोव्यात मांडवीच्या काठी. गेल्या उन्हाळ्यात तिचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग, गेला. मी शहाणपणा केला. बोटीसाठी बनवलेला मरीन न घेता, तसाच दिसणारा गाडीचा दोन बॅरलचा (दोन घशांचा) मिळाला, बोल्टची भोकंही जुळली, किंमत तिसरा हिस्सा. इंजिन एका सेल्फमध्ये चालू. चौथ्या दिवशी फोन आला, "दाजी, इंजिनाचं झाकण उघडलं की पेट्रोलचा वास मारतोय बघा."

जाऊन बघतो तर फ्लोट, म्हणजे आतलं पेट्रोल ठराविक पातळीला थांबवणारा तरंगता तुकडा, जरा अडकत होता आणि थ्रॉटल शाफ्टची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरनं फिरणाऱ्या दांडीची, दोन्ही टोकं पेट्रोलनं ओली. गाडीत एवढं चालून जातं. थेंब रस्त्यावर पडतो, वारा वास घेऊन जातो. बोटीत इंजिन पेटीत बंद, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचून राहते. मग सेल्फची एक ठिणगी पुरते. त्या दिवशी ब्लोअर, म्हणजे पेटीतली वाफ बाहेर ओढणारा पंखा, चार मिनिटं चालवल्याशिवाय मी चावीला हात लावला नाही. आजही लावत नाही.

पावसाळ्यात बोट ट्रेलरवरून आमच्या शेडमध्ये आली तेव्हा मरीन कार्बोरेटर चढवला. दोन्ही शेजारी ठेवून बघितले तेव्हा फरक कळला. मरीनच्या फ्लोट चेंबरची व्हेंट नळी (हवा जाण्याची) वाकवून कार्बोरेटरच्याच घशात सोडलेली असते, शाफ्टला खाच असते. म्हणजे सांडलेलं पेट्रोल बाहेर न येता इंजिनातच जातं. डिसेंबरात फ्लोट पुन्हा अडकला. इंजिन धूर ओकून गुदमरलं, बंद पडलं, पण बाहेर थेंब नाही. प्लग काढून पुसले, अर्ध्या तासात निघालो. वर एअर फिल्टरऐवजी फ्लेम अरेस्टर असतो, बॅकफायरची, म्हणजे इंजिनातून उलटी येणारी, ज्वाळा तो आत अडवतो. फक्त महिन्याला धुवावा लागतो.

जेटचं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या बारीक भोकांचं, गणित मात्र मला उशिरा समजलं. बोट म्हणजे कायम चोर्ला घाट चढणारी गाडी; उतार नाही, पाय सोडून पळणं नाही. गाडीचा कार्बोरेटर सपाटीवर पेट्रोल वाचवायला पातळ मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त) देतो. तेच तासभर भाराखाली चाललं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात. पेट्रोल कमी लागतंय म्हणून आम्ही खूश होतो!

माझी चूक आणखी एक. आयडलचा स्क्रू, म्हणजे इंजिन नुसतं चालू असतानाचं मिश्रण ठरवणारा, मी इथेच, थंड ठेवायला पाण्याचा पाइप लावून, सेट केला. बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर, हवा विरळ. खाली समुद्रसपाटीला तेच मिश्रण पातळ पडलं, इंजिन खोकायला लागलं. आता स्क्रूचा शेवटचा अर्धा फेरा तिथेच, बोट पाण्यात असताना.

तक्रारी? आहेत की. गॅस्केट किट बेळगावात मिळत नाही, मुंबईहून मागवायला आठवडा जातो. मरीन लिहिलंय म्हणून गंज चढत नाही असंही नाही. तीन आठवडे बोट उभी राहिली तर चेंबरमध्ये पांढरी पूड दिसते. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं, म्हणून बोट ठेवताना चेंबर रिकामा करतो.

तो गाडीचा कार्बोरेटर अजून खिडकीत पडलाय. कुणाला हवा असेल तर सांगा, पण गाडीसाठीच देईन.