'रेडी टू यूज' ड्रिफ्टवुड मागवलं, पुढचा दीड महिना ड्रमात गेला

माशांचा सहा बाय दोन बाय दोन फुटांचा टँक आहे, म्हणजे जवळपास ६८० लिटर, त्यात बारीक तुकडे टाकले की नुसता पसारा वाटतो म्हणून मधोमध ड्रिफ्टवुडचं, म्हणजे पाण्यात वाहून झिजलेल्या वाळक्या लाकडाचं, एकच मोठं मुळांचं खोड हवं होतं. आधी नदीकाठी भरपूर हिंडलो, पण जे आकाराने आवडायचं ते नख दाबलं की भुसभुशीत निघायचं, आणि जे टणक असायचं ते आतून ओलं, चीक असलेलं. असलं लाकूड टँकमध्ये कुजतं, घ्यायचंच नाही. चीड-देवदारसारखं राळवालंही नको, आणि समुद्रकिनाऱ्यावरचं असेल तर आतपर्यंत मुरलेलं मीठ काढता काढता नाकी नऊ येतात.

मग वैतागून ऑनलाइन मागवलं. लाकूड बघून खरंच खूश झालो, टणक, वजनदार, साल पूर्ण काढलेली, मुळं मस्त पसरलेली, पॅकिंगही चांगलं, एकही फांदी तुटली नाही. पण लेबलवर लिहिलंय धुऊन थेट टँकमध्ये टाका, आणि हे साफ खोटं आहे राव! धुऊन ड्रमात टाकलं तर बूच तरंगावं तसं तरंगायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं.

एवढं मोठं खोड उकळायला भांडं कुठून आणणार, म्हणून अर्धा भाग पत्र्याच्या ड्रमात तासभर उकळला, मग उलटं करून दुसरा अर्धा. उकळण्याचा फायदा म्हणजे किडे-बुरशी मरतात आणि टॅनिन, म्हणजे पाणी चहासारखं करणारं लाकडातलं द्रव्य, भराभर सुटतं. नंतर वर दगड ठेवून बुडवून ठेवलं आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहिलो. ब्लीच अजिबात वापरू नका, लाकूड ते शोषून घेतं आणि मग मासे भोगतात. पाच आठवड्यांनी पाणी बऱ्यापैकी नितळ झालं तरी एक टोक वर यायचंच, शेवटी खालून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारून स्लेटची फरशी जोडली आणि ती वाळूत पुरली. साधे स्क्रू नकोत, गंजतात.

टँकमध्ये गेल्यावर आठवड्याभरात त्यावर पांढरा शेंबडासारखा थर आला, बायको म्हणाली हे सडलं, काढून टाका. सडलं नव्हतं, नवीन लाकडावर तो थर येतोच, माशांना काही होत नाही. थोडा जुन्या टूथब्रशने घासला, बाकीचा गोगलगायी आणि झिंग्यांनी साफ केला. सडकं लाकूड वासावरून कळतं, नासक्या अंड्यासारखा घाण वास येतो. पाण्याला अजून हलकी पिवळट झाक आहे, मला आवडते, ज्यांना नको त्यांनी फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन टाका. लाकडामुळे पीएच घसरेल, म्हणजे पाणी आम्लधर्मी होईल, अशी भीती घातली होती लोकांनी, माझं पाणी जड (क्षार जास्त असलेलं) आहे, काही फरक पडला नाही. मऊ पाणी असेल तर मात्र तपासत राहा.

लाकडाला पाचपैकी साडेचार, लेबलला शून्य. प्लेको (तोंडाने चिकटून राहणारा मासा) दिवसभर त्याच्या खालच्या खोबणीत चिकटून असतो, बाहेर यायचं नावच घेत नाही. दुसरा तुकडा त्याच दुकानातून मागवलाय, ड्रम अजून गच्चीवरच आहे.