अर्ध्या टनाच्या पिकअपवर पैसे घालावेत, की पिकअपच बदलावी?

सव्वीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पसंत पडलाय, दारात फोर्डची एफ-१५० किंवा रॅम १५०० पिकअप उभी आहे, आणि ट्रेलर विकणारा सांगतो, "अहो, ही गाडी अकरा हजार पौंड ओढते." ओढते, त्यात खोटं काही नाही. पण प्रश्न ओढण्याचा नसून पाठीवर घेण्याचा आहे. या वर्गाच्या, म्हणजे नावापुरत्या "अर्ध्या टनाच्या", पिकअपमध्ये इंजिनाची ताकद संपायच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे गाडीने पाठीवर घ्यायच्या वजनाची मर्यादा, संपतं. म्हणून एअर स्प्रिंग, म्हणजे मागच्या स्प्रिंगला जोड देणाऱ्या हवेच्या पिशव्या, घ्यावेत की टायर, हा विचार नंतर. आधी दार उघडा.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पांढरं-पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा कॅटलॉगमधला नाही, तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा आहे. एकाच मॉडेलची साधी पिकअप १,९०० पौंड घेते आणि काचेचं छत, कातडी सीटा, मोठी चाकं असलेली तिचीच श्रीमंत बहीण १,३०० वर थांबते, कारण चैनीचं वजन पेलोडमधूनच कापलं जातं. नंतर तुम्ही बसवलेलं हौद्याचं, म्हणजे मागच्या उघड्या भागाचं, झाकण आणि पायऱ्याही त्यातूनच वजा करायच्या. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा जे-२८०७ या मानकाने मोजतात. त्यात गाडीत दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात आणि ट्रेलरचा दहाच टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर एसी पूर्ण चालू ठेवून गाडी ४० मैलांच्या खाली येऊ नये, अशी त्यातली एक अट आहे. म्हणजे चढाचा त्यात पुरेपूर विचार आहे. मागच्या सीटवरची दोन मुलं मात्र नाहीत.

स्टिकरवर १,५०० पौंड लिहिलेली एकच गाडी घेऊन दोन ट्रेलरांचा हिशेब मांडू. टंग वेट, म्हणजे हिचवर पडणारा भार, भरलेल्या ट्रेलरच्या १३ टक्के धरलाय. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तो बहुधा १२ ते १५ टक्के निघतो.

| | भरलेला ट्रेलर ५,००० पौंड | भरलेला ट्रेलर ६,५०० पौंड |
|---|---|---|
| चार माणसं | ५८० | ५८० |
| हिचचं वजन | ९० | ९० |
| हौद्यातलं सामान | १५० | १५० |
| टंग वेट | ६५० | ८४५ |
| एकूण | १,४७० | १,६६५ |
| स्टिकरशी तुलना | ३० शिल्लक | १६५ जास्त |

"भरलेला" हा शब्द महत्त्वाचा. विक्रेत्याच्या कागदावर ५,२०० पौंड कोरडं वजन असलेला ट्रेलर सहलीला निघताना सहज ६,५०० होतो. चाळीस गॅलन पाण्याचेच ३३० पौंड. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७५, बॅटरी पन्नास-साठ, आणि टाक्या-बॅटरी नेमक्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे जवळजवळ पूर्ण टंग वेटमध्ये. कागदावरच्या टंग वेटमध्ये त्या बऱ्याचदा धरलेल्याच नसतात. त्यावर कुकर, तांदूळ-कणकेच्या पिशव्या, खुर्च्या, सायकली. उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले आणि पुढे बाकासारखी सीट असल्याने सहाही जण बसले, तर आणखी तीनशे पौंड वाढले. मग डाव्या रकान्यातला ट्रेलरही बसत नाही.

बाजारातल्या अपग्रेडची गोम इथेच आहे. खाली सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीने गाडी जास्त चांगली चालते. स्टिकरवरचा आकडा मात्र एकीनेही वाढत नाही. एक्सल, त्याचे बेअरिंग, ब्रेक आणि चासी जिथल्या तिथेच असतात.

डाव्या रकान्यातल्यांनी काय घ्यावं

पहिला खर्च वजन वाटणाऱ्या हिचवर, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचवर. उदाहरणाला उजव्या रकान्यातलं टंग वेट घ्या. ते ८४५ पौंड मागच्या एक्सलवर ८४५ म्हणून पडत नाहीत. हिचचा गोळा एक्सलच्या पाच फूट मागे असतो, त्यामुळे तरफेसारखं काम होतं. पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये १४५ इंच अंतर असलेल्या गाडीत मागे बाराशेच्या आसपास भार चढतो आणि पुढच्या एक्सलवरून साडेतीनशे उतरतो. स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरचा दिवे मारतो, ते त्यामुळेच. हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याला अडकवायचे पोलादी दांडे, ताणले की यातला काही भार पुढच्या चाकांवर परत जातो आणि थोडा ट्रेलरच्या एक्सलवर. रिसीव्हरवरचं, म्हणजे हिच घुसवायच्या पिकअपखालच्या चौकोनी नळीवरचं, लेबलही वाचा. बऱ्याच पिकअपवर अशा हिचशिवाय ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट एवढीच परवानगी असते.

घर्षणाने ट्रेलरचं डावं-उजवं डोलणं रोखणारी, इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्स यांसारखी हिच सहाशे ते नऊशे डॉलरमध्ये येते. डोलणं जवळपास उगमालाच थांबवणारी हेन्सली किंवा प्रोप्राइड तीन हजारांच्या घरात जाते. २६ फुटांपर्यंत पहिली पुरते. तीस फुटी ट्रेलर अर्ध्या टनाच्या गाडीमागे लावायचाच असेल तर दुसरी घ्या, पण मग तेच पैसे मोठ्या गाडीत का घालू नयेत हेही स्वतःला विचारा. बार टंग वेटप्रमाणे निवडायचे. ८४५ ला ६०० चे बार कमी पडतात, १,००० चे बरोबर, १,४०० चे घेतले तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आणि ट्रेलरचा दांडा दोघांना हिसके.

हिच घेणारे पुष्कळ, नीट लावणारे कमी. सपाट जागी, टाकी भरून, नेहमीचं सामान घालून पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. समजा ३८.५ इंच आलं. ट्रेलर जोडा, बार लावू नका, पुन्हा मोजा. समजा ४०. आता बार लावा. फोर्डच्या मॅन्युअलप्रमाणे वाढलेल्या उंचीपैकी अर्धी परत आली पाहिजे, म्हणजे ३९.२५ च्या आसपास. इतर कंपन्यांचं प्रमाण वेगळं असू शकतं, आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा. कमी पडलं तर हिचच्या डोक्यात वॉशर वाढवून ते मागे झुकवा किंवा बारचा आधार एक भोक वर घ्या. ३८.५ च्याही खाली आलं तर जास्त ताणलंय. मागचा एक्सल हलका होतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच मागची चाकं घसरायला बघतात. बार चढवताना हाताने झुंजू नका. गोळा अडकवून कुलूप लावल्यावर ट्रेलरच्या जॅकनेच दोन्ही गाड्यांची मागची-पुढची बाजू वर उचला, बार सहज बसतात. गोळ्याचा नट ४०० फूट-पौंडांच्या पुढे आवळावा लागतो, नक्की आकडा खोक्यातल्या कागदावर. घरातल्या टॉर्क पान्याचा आवाका तेवढा नसतो. मोठ्या वाहनांच्या गॅरेजात आवळून घ्या, आणि पहिल्या पन्नास मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

एक गोष्ट ही हिच करत नाही. सामान मागे भरल्यामुळे टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली गेलं असेल, तर डोलणं ती थोडं दडपते, बरं करत नाही. सायकलींचा स्टँड मागच्या बंपरवरून काढा, जड पेट्या ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे घ्या. रस्त्यात ट्रेलर डोलायला लागला तर पिकअपचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रायव्हरजवळून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राच्या, हातदांड्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

त्यासाठी कंट्रोलर हवा, आणि तो दुसरा खर्च. कारखान्यातून आलेला असेल तर उत्तम. नसेल तर टेकॉन्शा प्रॉडिजी पी-३ सारखा, गाडी किती जोरात थांबतेय ते ओळखून तेवढाच ब्रेक देणारा घ्या, दीडशे ते दोनशे डॉलर. ठरावीक वेळाने ब्रेक वाढवणारे स्वस्त मिळतात. ते उतारावर कधी कमी, कधी अचानक जास्त लावतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० पासूनच. कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ मैलांवर फक्त हातदांडा दाबून पाहा. चाकं लॉक होईपर्यंत जोर वाढवत न्या, मग थोडा खाली आणा. जोर पूर्ण वाढवूनही ट्रेलर ढिलाच थांबत असेल तर कंट्रोलर बदलायला धावू नका. ट्रेलरच्या ड्रमचे शू झिजून लांब गेलेले असतात. चाक उचला, मागच्या पत्र्यातल्या खाचेतून तारा-चक्र, म्हणजे शू जवळ-लांब करणारं दातेरी चाक, फिरवून चाक जेमतेम फिरेल इतकं घट्ट करा, मग हलकी घासण राहील इतकंच सैल करा. डेक्सटरचे एक्सल असतील तर दर ३,००० मैलांनी हे करायचं असतं. ट्रेलर सुटला तर ब्रेक ओढणारी तार पिकअपला वेगळी अडकवा, साखळ्यांना नाही.

तिसरा खर्च टायर. २७५/६५ आर १८ हे नेहमीचं माप घ्या. मोटारीच्या प्रतीचा, म्हणजे पी टायर, ११६ भार निर्देशांकाचा असला तर २,७५६ पौंड पेलतो आणि पिकअपला लावल्यावर त्याला १.१ ने भागायचं असतं. म्हणजे उरले २,५०५. त्याच मापाचा एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचा टायर, लोड रेंज ई या भारवर्गाचा, ८० पीएसआयवर ३,४०० च्या वर जातो आणि बाजूची भिंत कडक असल्याने मागची बाजू वळणावर लिबलिबत नाही. पण एलटी टायरमध्ये जुनीच ३५ पीएसआय हवा ठेवली तर भार क्षमता पी टायरपेक्षाही कमी पडते. इथे पुष्कळ जण फसतात. टायर कंपनीच्या तक्त्यावरून हवा ठरवा. रिकाम्या गाडीत हे टायर दणके देतात आणि पेट्रोल थोडं जास्त पितात. टायर अजून चांगले असतील आणि मागच्या एक्सलचा भार त्यांच्या आकड्यात बसत असेल, तर हा खर्च झिजेपर्यंत थांबवता येतो.

एअर स्प्रिंग मी मुद्दाम शेवटी ठेवतोय, लोक पहिले तेच घेतात म्हणून. एअर लिफ्ट किंवा फायरस्टोनची जोडी अडीचशे-चारशे डॉलरला येते. पाट्यांच्या स्प्रिंगवर, म्हणजे एफ-१५० आणि शेव्हरोलेच्या सिल्व्हरॅडोवर, बाहेरून बसते. रॅम १५०० आणि २०२२ पासूनच्या टोयोटा टंड्राला मागे कॉइल असल्याने तिथे पिशवी कॉइलच्या आत जाते. तक्रार एकच. पिशव्या फुगवल्या की मागची बाजू वर येते, गाडी दिसायला सरळ होते आणि पुढच्या चाकांवरून गेलेला भार परत आलाय असा भास होतो. तो आलेला नसतो. म्हणून आधी पिशव्यांत किमान हवा, साधारण ५ पीएसआय, ठेवून हिच लावा, मापं जुळवा, आणि मगच शेवटचा इंचभर झोक काढण्यापुरती हवा भरा. रात्रीतून एक बाजू खाली बसली तर पिशवी फाटलीय असं समजू नका, जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे बहुतेक वेळा नळीच्या तिरक्या कापलेल्या टोकाशीच दिसतात.

बाकीचं थोडक्यात. टो पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी कारखान्यातून येणारी जोडसामग्री, नसलेल्या गाडीला ट्रान्समिशनचा वेगळा कूलर लावाच. पॅकेज असेल तर तो बहुधा असतोच. चढावर तापमान वाढलं तर टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची गिअरची पद्धत, लावून गिअर खाली घ्या. रॅमचं ३.२१ चं गिअर प्रमाण बदलून ३.९२ करता येतं. फोर बाय फोरमध्ये दोन्ही एक्सल उघडावे लागतात, दीड-दोन हजारांच्या खाली काम होत नाही, आणि पेलोड तेवढंच. इथे मी पैसे घालणार नाही. आरसे मात्र लांब हातांचे हवेत, ट्रेलर आठ फूट रुंद आहे.

सगळं मिळून अडीच ते तीन हजार डॉलर. डाव्या रकान्यासाठी हा व्यवहार चोख आहे.

उजव्या रकान्यातल्यांसाठी

१६५ पौंड जास्त असतील तर तीन वाटा आहेत, आणि "थोडं चालतं हो" ही त्यांतली एक नाही.

पहिली, लहान ट्रेलर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी निवडली जाणारी.

दुसरी, अर्ध्या टनाचीच पण नीट निवडलेली गाडी. जास्त पेलोडचं पॅकेज घेतलेली साधी एफ-१५० दोन हजार पौंडांच्या पुढे घेते. शोधायला वेळ लागतो, कारण विक्रेत्याच्या आवारात कातडी सीटवाल्याच उभ्या असतात. गल्लीतल्या प्रत्येक पिकअपचं दार उघडून स्टिकर बघा, मॉडेलचं नाव विसरा.

तिसरी, पाऊण टनाची एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हरॅडो २५०० एचडी. आठ बोल्टची चाकं, मोठे ब्रेक, आणि मागे फुल फ्लोटिंग एक्सल, ज्यात गाडीचं वजन फिरणाऱ्या दांड्यावर नसून बाहेरच्या नळीवर असतं. पेट्रोल इंजिनची बहुधा तीन हजार पौंडांच्या आसपास पेलोड देते. डिझेलमध्ये सापळा आहे. इंजिन कित्येक शे पौंडांनी जड, आणि एकूण वजनाची मर्यादा अनेकदा दहा हजारांवर बांधलेली, त्यामुळे महागडी डिझेल पाऊण टन कधीकधी दोन हजारांवरच अडते. सात हजारांच्या ट्रेलरला डिझेल लागत नाही. ते वर्षातून अनेकदा कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे, अकरा हजार फुटांवर चढणाऱ्यांसाठी. तिथे टर्बो नसलेलं इंजिन विरळ हवेत खूप ताकद गमावतं. रिकामी पाऊण टन रोज ऑफिसला नेणं मात्र शिक्षा आहे. पाठ दुखते, पार्किंगमध्ये बसत नाही. वर्षातून तीन सहली आणि उरलेले दिवस ऑफिस, असं असेल तर दुसरी वाट घ्या.

कुठलाही निर्णय पक्का करण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, जा, पहिलं वजन पंधरा डॉलरच्या आसपास, पुढची स्वस्त. ट्रेलर अजून घेतला नसेल तर टाकी भरून, सगळी माणसं बसवून निदान पिकअप एकटी तोला. दाराच्या चौकटीवर छापलेल्या एकूण मर्यादेतून ते वजन वजा करा. जे उरेल त्यात हिच आणि टंग वेट बसलं पाहिजे. ट्रेलर आल्यावर तीन चिठ्ठ्या घ्या: ट्रेलर जोडून बार ताणलेले, ट्रेलर जोडून बार सैल, आणि पिकअप एकटी. दुसऱ्या चिठ्ठीतल्या पिकअपच्या दोन्ही एक्सलच्या बेरजेतून तिसरीतली बेरीज वजा केली की खरं टंग वेट मिळतं. पहिल्या चिठ्ठीतला पुढच्या एक्सलचा आकडा दुसरीपेक्षा जास्त आणि तिसरीपेक्षा कमी हवा. मागच्या एक्सलचा आकडा चौकटीवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. शे-पन्नासने वर असेल तर आधी हौद्यातला जनरेटर ट्रेलरमध्ये, एक्सलच्या अगदी वर हलवा आणि पुन्हा तोला.